कठीण पिंजऱ्यापासून मऊ कॉइलपर्यंत

सेलू हे वर्धा–नागपूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. आसपास कापूस, तूर, सोयाबीन. हिंगणीकडे गेले की बोर धरण आणि त्याचे जंगल. या तालुक्यातल्या माणसाला डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला की तो सेवाग्राम किंवा सावंगीची वाट धरतो, नाहीतर नागपूर गाठतो. घरी परतल्यावर तो बहुधा दोनच गोष्टी सांगतो. बोगद्यात किती वेळ पडून राहावे लागले आणि मशीनचा आवाज किती मोठा होता. आत नेण्याआधी टेक्निशियनने कमरेवर एक जाड चौकट ठेवून ती पट्ट्याने आवळली होती, हे त्याच्या सांगण्यात क्वचितच येते. प्रत्यक्षात त्याच्या शरीरातून निघालेला क्षीण संकेत पकडला तो त्या चौकटीतल्या तांब्याच्या वलयांनी. त्या चौकटीला कॉइल म्हणतात.

एमआरआयच्या इतिहासात मान मिळतो तो चुंबकाला. टनांनी वजन असलेले, अतिशीत तापमानात चालणारे चुंबक डोळ्यांत भरते. कॉइल बिचारी कोपऱ्यातल्या कपाटात असते. तरीही गेल्या पन्नास वर्षांत चित्र जे स्पष्ट होत गेले आणि तपासणीचा वेळ जो कमी होत गेला, त्यातला मोठा वाटा कॉइल शरीराच्या जवळ आणण्याचा आहे. हा इतिहास परदेशातल्या प्रयोगशाळांचा आहे, तसाच तो मुंबईचा आणि अलीकडे विदर्भाचाही आहे.

विदर्भाला या विषयात रस असायला एक ठोस कारण आहे, ते म्हणजे सिकलसेल. १९५८ साली नागपूरच्या आर. एन. शुक्ल आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. या आजारात लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचे जे गोल डोके बसते, त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या. तिथे अडथळा आला की हाड आतून मरू लागते. एक्स-रेत ते दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. एमआरआयमध्ये ते खूप आधी कळते. हे रोगी पुष्कळदा तरुण असतात, अंगाने किरकोळ असतात आणि दुखण्याने त्यांना एका जागी पडून राहवत नाही. त्यांच्या खुब्याचे चांगले चित्र थोड्या वेळात मिळणे हे बऱ्याच अंशी कॉइल त्यांच्या अंगाला किती नीट बसते यावर ठरते.

दोन कॉइल आणि अल्कोहोलची तीन शिखरे

१९४६ साली अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच शोध लागला. हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांच्या गटाने मेणात आणि स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख यांच्या गटाने पाण्यात अणुगर्भांचा चुंबकीय अनुनाद पाहिला. हायड्रोजनचा अणुगर्भ चुंबकीय क्षेत्रात ठेवला की तो एका ठरावीक गतीने घिरट्या घेतो. एक टेस्ला क्षेत्रात ही गती सेकंदाला सुमारे ४.२६ कोटी वेळा, म्हणजे ४२.६ मेगाहर्ट्झ इतकी असते. त्याच वारंवारतेच्या रेडिओ लहरीने त्याला चाळवले की तो स्वतःही तशीच लहर परत देतो.

ब्लॉख यांच्या मांडणीत दोन कॉइल होत्या. एक लहरी सोडणारी आणि दुसरी, तिच्याशी काटकोनात बसवलेली, केवळ ग्रहण करणारी. काटकोनामुळे पहिलीचा धडाका दुसरीत जवळजवळ उतरत नसे आणि अणुगर्भांचे क्षीण उत्तर तेवढे तिला मिळे. सोडणारी कॉइल वेगळी आणि ग्रहण करणारी वेगळी, ही वाटणी आजच्या रुग्णालयातल्या बहुतेक तपासण्यांमध्ये तशीच आहे. ब्लॉख आणि पर्सेल यांना १९५२ साली नोबेल मिळाले.

ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये तेव्हा एक भारतीय काम करत होते, एस. एस. धर्मट्टी. १९५१ साली जेम्स अर्नोल्ड, धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड यांनी साध्या इथाइल अल्कोहोलचा संकेत तपासला आणि त्यात तीन वेगळी शिखरे दाखवली. रेणूतल्या तीन वेगवेगळ्या जागी असलेले हायड्रोजन तीन किंचित वेगळ्या वारंवारतांवर बोलत होते आणि शिखरांचे प्रमाण अणूंच्या संख्येइतकेच, एकास दोनास तीन असे, होते. रसायनशास्त्रज्ञांच्या हाती या शोधाने रेणूची रचना वाचण्याचे साधन आले. धर्मट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि भाभांच्या त्या संस्थेत त्यांनी या विषयाचा गट उभा केला. भारतात अणुचुंबकीय अनुनादाची परंपरा रुजली त्यात या गटाचे स्थान पहिल्या रांगेतले आहे.

त्याच १९५१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवाचा संकेत मोजला. द्रव वाहू लागला की संकेत बदलतो, हे त्यांनी दाखवले. रक्तवाहिन्यांमधला प्रवाह एमआरआयने पाहण्याच्या आजच्या पद्धतींचा उगम शोधू गेलो तर आपण या छोट्या निबंधापाशी पोचतो. एवढे सगळे भारतात होते, पण त्यापासून रुग्णासाठी यंत्र उभे राहिले नाही. त्याला पुढे सातहून अधिक दशके लागली.

पुठ्ठ्याची कॉइल

१९७१ साली रेमंड डमॅडियन यांनी गाठीतल्या पेशींचा संकेत निरोगी पेशींपेक्षा वेगळा असतो असे मांडले. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्राला मुद्दाम उतार देऊन, संकेत कोणत्या जागेवरून आला हे ओळखण्याची रीत दिली आणि पाण्याच्या दोन नळ्यांचे चित्र काढून दाखवले. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्र झपाट्याने काढण्याचे गणित उभे केले. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ सालचे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र १९७७ चा उन्हाळा महत्त्वाचा. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला डमॅडियन आणि त्यांचे दोन तरुण सहकारी, लॅरी मिंकॉफ आणि मायकल गोल्डस्मिथ, जिवंत माणसाच्या छातीचे पहिले चित्र काढण्याच्या खटपटीत होते. यंत्राला त्यांनी ‘इंडॉमिटेबल’ असे नाव दिले होते. छातीभोवती घालायची कॉइल गोल्डस्मिथ यांनी पुठ्ठा आणि तांब्याची पट्टी वापरून हाताने बनवली. मे महिन्यात डमॅडियन स्वतः आत बसले. तासन्‌तास वाट पाहूनही संकेत आला नाही. विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले की डमॅडियन यांचा देह त्या कॉइलला फार मोठा होता; शरीराने कॉइलची शक्तीच शोषून घेतली होती. मग अंगाने सडपातळ असलेले मिंकॉफ तयार झाले. ३ जुलै १९७७ रोजी ते आत बसले आणि पावणेपाच तासांनी त्यांच्या छातीच्या एका आडव्या छेदाचे चित्र हाती आले. त्यात बिंदू होते जेमतेम १०६.

माणसाच्या पहिल्या एमआरआयची कथा म्हणून ही घटना नेहमी सांगतात. तिच्यातला कॉइलचा धडा मात्र सहसा सांगितला जात नाही. चुंबक तेच, माणसे तीच, गणित तेच. कॉइल ज्याच्या अंगाला जुळली त्याचे चित्र आले.

ऐकण्याचे गणित

हा धडा काटेकोर गणितात उतरवण्याचे श्रेय डेव्हिड हौल्ट यांना जाते. १९७६ साली त्यांनी ऑक्सफर्डमध्ये आर. ई. रिचर्ड्स यांच्यासह संकेत आणि गोंगाट यांच्या प्रमाणाचा पाया घातला. कॉइलमधून वीज सोडली असता ती ज्या जागी जितके क्षेत्र निर्माण करील, तितकीच ती त्या जागेहून येणारा संकेत पकडील, हे त्यांचे सूत्र. १९७९ साली लॉटरबर यांच्यासोबत त्यांनी दाखवले की माणसाच्या शरीराच्या बाबतीत गोंगाट मुख्यतः शरीरातूनच येतो. आपल्या अंगात क्षार आहेत, त्यांचे आयन हलत असतात आणि त्यांच्या हालचालीची कुजबूज कॉइलला ऐकू येते.

यातून एक सरळ निष्कर्ष निघतो. मोठी कॉइल सगळ्या धडाचा गोंगाट गोळा करते, तर पाहिजे असलेला संकेत खुब्याएवढ्या भागातूनच येतो. लहान कॉइल खुब्यावर टेकवली तर संकेत जवळचा मिळतो आणि गोंगाट तेवढ्याच भागाचा. अडचण एकच: लहान वलयाला खोलवरचे ऐकू येत नाही. गोल वलयाच्या मध्यावर जी संवेदनशीलता असते ती वलयाच्या त्रिज्येइतके आत गेल्यावर सुमारे ३५ टक्के उरते आणि त्यापुढे झपाट्याने घटते. कॉइल आणि कातडी यांच्यामध्ये दोन-चार सेंटिमीटरची पोकळी राहिली, तर तेवढी संवेदनशीलता फुकट जाते.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. संकेताची स्पष्टता दुप्पट करायची तर, बाकी काही न बदलता, मोजणी चौपट वेळ चालवावी लागते. म्हणजे कॉइल सैल बसल्यामुळे गमावलेली स्पष्टता रोग्याला बोगद्यात अधिक वेळ ठेवून भरून काढावी लागते. खुब्याच्या वेदनेने तळमळणाऱ्या मुलाला हा जादा वेळ सोसवत नाही. तो हलतो आणि चित्र बिघडते.

१९८० साली ऑक्सफर्डच्याच गटाने, जोसेफ अॅकरमन आणि जॉर्ज रॅडा यांनी सहकाऱ्यांसह, कातडीवर टेकवायच्या साध्या वलयाने जिवंत प्राण्याच्या स्नायूंतल्या आणि मेंदूतल्या फॉस्फरसचा संकेत घेतला. ‘सरफेस कॉइल’ तेव्हापासून प्रचारात आली. दुसऱ्या टोकाला, १९८५ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये सेसिल हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १.५ टेस्लाच्या मशीनसाठी एक नवी कॉइल दिली. दोन टोकांना दोन कडी आणि त्यांना जोडणाऱ्या अनेक उभ्या दांड्या, असा तिचा आकार पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा दिसतो म्हणून तिला ‘बर्डकेज’ म्हणतात. तिच्या आत क्षेत्र सर्वत्र जवळपास सारखे असते. लहरी सोडण्याचे काम आजही बहुतेक मशीनमध्ये बोगद्याच्या भिंतीत दडवलेला हा पिंजराच करतो. ग्रहणासाठी मात्र तो शरीरापासून दूर पडतो.

म्हणजे १९८५ च्या सुमारास डॉक्टरांपुढे निवड होती ती अशी: सगळे शरीर दिसेल पण धूसर, किंवा थोडासाच भाग दिसेल पण स्वच्छ.

चार वलयांची रांग

ही कोंडी फोडली १९९० साली पीटर रोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी; त्या सहकाऱ्यांत पिंजरा घडवणारे सेसिल हेजही होते. कल्पना अशी की लहान वलये ओळीने मांडायची, प्रत्येकाला स्वतंत्र अॅम्प्लिफायर द्यायचा आणि सगळ्यांचे संकेत नंतर एकत्र करायचे. प्रत्येक वलयाला गोंगाट ऐकू येतो तो आपल्यापुरता. सगळी मिळून मोठा भाग झाकतात. त्यांनी पाठीच्या कण्यासाठी चार वलयांची रांग करून ही गोष्ट सिद्ध केली.

शेजारशेजारची दोन सुरेल वलये एकमेकांना छेडतात, ही यातली खरी अडचण. एकाचा प्रवाह दुसऱ्यात उतरतो, दोघांचीही वारंवारता बिघडते. रोमर यांच्या गटाने दोन उपाय वापरले. पहिला म्हणजे वलये थोडी एकमेकांवर चढवायची. गोल वलयांचे मध्य व्यासाच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर आणले की एकाचे दुसऱ्यातून जाणारे उलटसुलट क्षेत्र बरोबर फिटते आणि शेजाऱ्यांमधली छेडछाड थांबते. दुसरा उपाय म्हणजे अॅम्प्लिफायर अशा तऱ्हेने जोडायचा की वलयात प्रवाह फारसा फिरूच नये. मग दूरच्या वलयांनाही एकमेकांचा त्रास होत नाही. हे दोन उपाय आजही कॉइल बनवणाऱ्याच्या शिक्षणात पहिल्या पाठात येतात.

या रांगेतून एक अनपेक्षित लाभ झाला. प्रत्येक वलय आपापल्या जागेवरून ऐकते, म्हणजे संकेत कुठून आला याची थोडी माहिती त्यातच असते. १९९७ साली बोस्टनमध्ये डॅनियल सोडिक्सन आणि वॉरन मॅनिंग यांनी, आणि १९९९ साली झुरिकमध्ये क्लास प्रुसमन आणि सहकाऱ्यांनी ही माहिती वापरून मोजण्या गाळल्या आणि वेळ निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणला. त्यानंतर वलयांची संख्या भराभर वाढली. चाराची आठ झाली, आठाची बत्तीस. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स वॉल्ड यांच्या गटाने २००९ साली डोक्यासाठी ९६ वलयांचे शिरस्त्राण केले. २००३ च्या सुमारास सीमेन्सने सगळ्या शरीरावर वलयांचे जाळे मांडण्याची पद्धत बाजारात आणली आणि पोट-कमरेवर ठेवायची थोडीफार वाकणारी चौकट रुग्णालयांत रुळली.

थोडीफार वाकणारी, पण जाड आणि जड. आडदांड माणसावर ती बरी बसे. किरकोळ बाईवर, मुलावर, पाठीत बाक आलेल्या म्हाताऱ्यावर ती अधांतरी राही.

वाकवणे इतके अवघड का?

तांब्याची तार वाकते, मग कॉइल का वाकत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर सुरात आहे. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये हायड्रोजनचा संकेत सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर येतो, म्हणजे आपल्या एफएम पट्ट्याच्या थोडा खाली. वलयाला नेमक्या त्या वारंवारतेवर आणण्यासाठी तांब्यात जागोजागी कपॅसिटर बसवतात. वलय वाकवले की त्याचा आकार बदलतो, आकाराबरोबर इंडक्टन्स बदलतो आणि सूर ढळतो. दोन वलयांनी एकमेकांवर किती चढायचे हे मोजून ठरवलेले असते. वाकवताना तेही सरकते. कपॅसिटरच्या टोकाचे डाख वारंवार वाकवल्याने तडकतात. शिवाय लहरी सोडल्या जात असताना ग्रहण करणारी वलये बंद ठेवावी लागतात. त्यासाठी प्रत्येकात डायोडचे सर्किट लागते. केबलच्या आवरणावरून नको तो प्रवाह वाहिला तर रोग्याला चटका बसू शकतो; तो अडवण्यासाठी केबलवर ट्रॅप लागतात. अॅम्प्लिफायर, डायोड, ट्रॅप, केबल हे सगळे सामावून घेणारी मऊ वस्तू करायची, हे काम म्हणूनच पंचवीस वर्षे रेंगाळले.

दशकभरापूर्वी त्यावर तीन-चार वेगवेगळ्या दिशांनी उत्तरे येऊ लागली. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या अॅना क्लॉडिया एरियस, मायकल लुस्टिग, त्यांचे विद्यार्थी जोसेफ कोरिया आणि स्टॅनफर्डचे बालरोग-रेडिऑलॉजिस्ट श्रेयस वासनवाला यांनी लवचिक प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर चांदीच्या शाईने वलये छापली. कपॅसिटरसुद्धा छापलाच, पडद्याच्या दोन बाजूंना शाई, मधले प्लास्टिक विलग करणारा थर. २०१६ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्यांच्या डोळ्यांसमोर लहान मुले होती. मूल घाबरते, हलते, म्हणून त्याला भूल द्यावी लागते. हलकी कॉइल अंगावर नीट बसली आणि तपासणी लवकर उरकली तर भूल कमी देता येते किंवा टाळता येते.

२०१८ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बेई झांग, सोडिक्सन आणि मार्टिन क्लूस यांनी हातमोज्यात वलये शिवली. वलये केली होती ती बारीक कोअॅक्सियल केबलची, टीव्हीच्या केबलमध्ये असते तशी आत एक तार आणि भोवती जाळी. जाळीला ठरावीक जागी छेद दिला की तार आणि जाळी मिळूनच कपॅसिटरचे काम करतात. वेगळे डाख नकोत. अशा वलयात प्रवाह जवळजवळ फिरत नाही, म्हणून शेजारी किती सरकला याची चिंता राहत नाही. बोटे हलवत असताना हाताच्या कंडरा-स्नायूंची चित्रे त्यांनी घेतली. याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकने फार पातळ, सगळीकडून वाकणारी वलये कापडात बसवून बाजारात आणली. अशा कॉइल आता भारतातल्या मोठ्या शहरांत पोचल्या आहेत.

यातली मांडणी मराठी माणसाला परकी वाटू नये. जुन्या लुगड्यांचे तुकडे एकमेकांवर चढवून शिवलेली गोधडी जशी झोपलेल्याच्या अंगाप्रमाणे बसते, तशीच लहान वलये एकमेकांवर चढवून केलेली ही कॉइल रोग्याच्या अंगाप्रमाणे बसते. खालून टेबलात बसवलेली वलये, वरून ही मऊ वलये, आणि मधे खुबा: पोकळी उरत नाही.

मुंबई, सेवाग्राम, चंद्रपूर

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत धर्मट्टींनी अनुनादाचा पाया घातला, त्याच संस्थेत १९७७ साली मायक्रोवेव्ह उपकरणांसाठी एक वेगळा विभाग निघाला. त्यातून १९८४ साली ‘समीर’ ही केंद्र सरकारची संस्था उभी राहिली. तिचे मुख्य ठाणे पवईला आयआयटीच्या आवारात आहे. रेडिओ लहरी आणि मायक्रोवेव्ह हे समीरचे मूळ काम. कर्करोगावर किरणोपचार करणारे सहा एमव्हीचे लिनॅक यंत्र समीरने स्वतः घडवले. त्यातले एक यंत्र या शतकाच्या पहिल्या दशकात सेवाग्रामला, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसले. सेलूपासून पंचवीसेक किलोमीटरवर, खेड्यातल्या माणसांच्या रुग्णालयात, देशी बनावटीचे इतके गुंतागुंतीचे यंत्र आले ही विदर्भाच्या वैद्यकीय इतिहासातली मोठी घटना आहे. तिची जितकी वाच्यता व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

त्याच समीरकडे पुढे देशी १.५ टेस्ला एमआरआयच्या प्रकल्पाचे नेतृत्व आले. कामाची वाटणी झाली: अतिवाहक चुंबक दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरकडे, तिरुवनंतपुरम आणि कोलकात्याची सी-डॅक केंद्रे आणि बंगळूरची दयानंद सागर संस्था इतर भागांत सहभागी. मार्च २०२५ मध्ये हे मशीन दिल्लीच्या एम्समध्ये बसवून तपासण्याचा करार झाला.

दुसरी वाट खासगी उद्योगाची. बंगळूरच्या ‘व्हॉक्सेलग्रिड्स’ या कंपनीने अर्जुन अरुणाचलम यांच्या नेतृत्वाखाली १.५ टेस्लाचे हलके मशीन बनवले. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून त्याला साहाय्य मिळाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत त्याचे लोकार्पण झाले. द्रव हेलियम परदेशातून आणून भरत राहण्याची गरज या मशीनला नाही. २०२५ साली हे मशीन रुग्णसेवेसाठी बसले ते चंद्रपूरच्या कॅन्सर केअर फाउंडेशनमध्ये, म्हणजे वर्ध्याच्या शेजारच्या जिल्ह्यात. धर्मट्टींच्या निबंधापासून चंद्रपूरच्या मशीनपर्यंत चौऱ्याहत्तर वर्षे गेली. इतका काळ आपण जगाला सिद्धांत पुरवत होतो आणि मशीन विकत घेत होतो.

आता चुंबकाबरोबर कॉइलही आपलीच हवी. विदेशी कॉइल विदेशी शरीरांच्या मापाने घडलेली असते. भारतातला रोगी सरासरीने अंगाने लहान. विदर्भातला सिकलसेलचा मुलगा तर फारच किरकोळ. त्याच्या कमरेच्या मापाची, धुता येईल अशी, रोज पन्नास वेळा वाकवली तरी डाख न तडकणारी, तालुक्याच्या रस्त्याने नेली तरी टिकणारी कॉइल आपणच करायला हवी. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर रक्ततपासणीवर आहे आणि तो योग्यच आहे. पण निदान झालेल्या हजारो मुलांचे खुबे पुढच्या वीस वर्षांत वाचवायचे तर त्यांना वेळेवर, थोडक्या वेळात, भूल न देता एमआरआय मिळायला हवा.

एमआरआयमध्ये लहान प्रयोगशाळेला हाती घेता येईल असा भाग कोणता, तर तो कॉइलच. चुंबक घडवायला कोट्यवधींची गुंतवणूक आणि मोठे कारखाने लागतात. कॉइल घडवायला तांबे, चांगले कपॅसिटर, नेटवर्क अॅनालायझर, मिठाच्या पाण्याचे नमुना-शरीर आणि चिकाटीने सूर जुळवणारे हात लागतात. वलय रिकामे असताना आणि शरीरावर टेकवल्यावर त्याचा सूर किती मंदावतो हे टेबलावरच मोजता येते आणि कॉइल चांगली की वाईट याचा पहिला निर्णय तिथेच लागतो. मशीनवरची चाचणी आणि रोग्याच्या सुरक्षिततेची परीक्षा यासाठी मग रुग्णालयाची साथ हवी, आणि अशी रुग्णालये वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथे आहेत. नागपूर, वर्धा, अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुले दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांच्या प्राध्यापकांनी आणि या रुग्णालयांच्या रेडिऑलॉजी विभागांनी एकत्र बसावे, खुब्यासाठी आणि कण्यासाठी मऊ कॉइल हा विषय हाती घ्यावा, आणि तो एका वर्षाच्या प्रकल्पावर न सोडता दहा वर्षे चालवावा. सेलूच्या रोग्याला चांगले चित्र मिळण्याचा खात्रीचा रस्ता हाच आहे.